पहारा आणि सोबत

दारू पिणाऱ्याच्या घरी त्याच्या आधी त्याचा वास पोहोचतो, जुगार खेळणाऱ्याच्या दारात आज ना उद्या घेणेकरी उभा राहतो, आणि तंबाखू खाणारा तोंड उघडताच त्याचे दात साक्ष देतात. परंतु अश्लील चित्रफिती पाहण्याच्या व्यसनात सापडलेला मनुष्य वर्षानुवर्षे आपल्या माणसांत उठतो, बसतो, जेवतो, कचेरीत जातो, सणावारी देवापुढे हात जोडतो, आणि त्याच्या मनात काय चालले आहे याची वार्ता शेजारच्या अंथरुणावर निजलेल्या माणसालाही लागत नाही. हे व्यसन उघडकीस येते ते बहुधा अपघाताने. विजेचे बिल भरण्यासाठी बायकोने नवऱ्याचा फोन हाती घेतला, किंवा रात्री पाणी पिण्यास उठलेल्या वडिलांना मुलाच्या पांघरुणाखाली उजेड दिसला, की एका क्षणात सारे घर हादरते. आणि संताप, किळस व भीती यांच्या त्या कल्लोळात जे निर्णय घेतले जातात ते आपल्याकडे ठरीव असे दोनच असतात. मुलगा अविवाहित असेल तर त्याचे लग्न लावून द्यावयाचे, आणि विवाहित असेल तर त्याच्यावर पहारा बसवावयाचा. या दोन्ही निर्णयांमागील कळकळ मी नाकारीत नाही. परंतु या दोहोंनीही व्यसन बरे न होता अधिक खोल जाते, आणि ज्याला खरोखर साहाय्य करावयाचे आहे त्याला न्यायाधीशाचे आसन व फौजदाराचा दंडुका ही दोन्ही खाली ठेवून केवळ सोबती व्हावे लागते, असे माझे मत आहे. सोबती होणे हे पहारा करण्याहून पुष्कळच कठीण आहे, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अगत्याचे वाटते.

साहाय्य करू इच्छिणाऱ्याने सर्वांआधी एका गोष्टीची खातरजमा करून घ्यावी, ती ही की समोरचा मनुष्य खरोखर व्यसनाधीन झाला आहे, की केवळ अपराधीपणाने पोखरला गेला आहे. हा विवेक आपल्याकडे नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली मृत्यूने गाठीपर्यंत ते एकट्याच्या बळावर चालविले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते जी छापील उत्तरे देत, त्यांपायी १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली, आणि तरीही अखेर कर्व्यांना दंड भरावा लागला. हस्तमैथुनाने शरीर खंगते ही समजूत निराधार आहे, हे इतर अनेक गोष्टींबरोबर त्यांनी त्या काळात स्वच्छ शब्दांत सांगितले. आपले नाव कोणास कळू नये अशा धास्तीने कापऱ्या हाताने प्रश्न लिहिणाऱ्या माणसाला न रागावता, न हिणवता, त्याच्या प्रश्नाइतकेच नेमके उत्तर द्यावयाचे, ही त्यांची रीत मला फार मोलाची वाटते. त्यानंतर इतकी वर्षे लोटली, तरी एस. टी. स्थानकाच्या आसपासच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ आणि ‘धातुदौर्बल्य’ यांवरील हमखास इलाजाच्या जाहिराती अजून रंगविल्या जातातच. वीर्यनाशाच्या भयाने खंगत जाणाऱ्या तरुणांच्या या अवस्थेला डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली ‘धात सिंड्रोम’ असे नाव देऊन वैद्यकशास्त्रात तिची नोंद केली, यावरूनच तिचा पसारा केवढा आहे हे ध्यानात यावे.

सांगावयाचे ते हे की पंधरवड्यातून एखाद्या वेळी अशी चित्रफीत पाहून पुढे तीन दिवस स्वतःस पापी समजत बसणारा एकवीस वर्षांचा मुलगा, आणि रात्रीमागून रात्री त्यात घालवून नोकरी, झोप व संसार पणास लावणारा चाळिशीचा गृहस्थ, या दोघांना एकाच औषधाची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत अनिवार लैंगिक वर्तनाच्या विकाराची प्रथमच स्वतंत्र नोंद झाली आहे, आणि त्या नोंदीतील अटी वाचण्यासारख्या आहेत. हे वर्तन सहा महिने वा अधिक काळ चालू असावे, त्यापुढे प्रकृती, कामधंदा व माणसे यांची हेळसांड व्हावी, ते थांबविण्याचे वारंवार केलेले प्रयत्न फसावेत, किंवा त्यातून फारसे सुख मिळत नसतानाही ते सुटू नये, आणि त्यामुळे जीवनात खरोखरीचा बिघाड व्हावा, तेव्हाच त्यास विकार म्हणावयाचे. केवळ नैतिक नापसंतीतून उपजलेला मनस्ताप हा निदानास पुरेसा नाही, असे तेथे स्पष्ट नमूद केले आहे. संघटनेने त्याची गणना व्यसनांत न करता आवेगनियंत्रणाच्या विकारांत केली आहे आणि त्यावर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. मी ‘व्यसन’ म्हणतो ते लोकव्यवहारातील अर्थाने. पहिल्या मुलाला हवे असते ते ज्ञान आणि धीर. त्याच्यावर व्यसनी असा शिक्का मारून त्याची चौकशी आरंभिली, तर ज्या एकलेपणातून आणि लज्जेतून व्यसन वाढते तो एकलेपणा व ती लज्जा आपणच त्याला पुरवितो, आणि जे नव्हते ते घडवून आणतो.

आता खऱ्या व्यसनाधीनाकडे वळू. त्याच्याविषयीचा सर्वात मोठा गैरसमज असा की तो मजा लुटीत असतो. टेरी रॉबिन्सन व केंट बेरिज या मानसशास्त्रज्ञांनी १९९३ साली असे प्रतिपादन केले की एखादी वस्तू हवीशी वाटणे आणि ती आवडणे या मेंदूच्या दोन निरनिराळ्या क्रिया असून व्यसनात पहिली फोफावत जाते व दुसरी मात्र वाढत नाही. आणि पोलंडमधील मातेउश गोला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली या व्यसनावर उपचार घेण्यास आलेल्या पुरुषांच्या मेंदूंची जी तपासणी प्रसिद्ध केली, तीत हाच प्रकार आढळला: उत्तान चित्र येणार आहे अशी खूण दिसताच त्यांच्या मेंदूत इतरांहून अधिक खळबळ उडे, परंतु प्रत्यक्ष चित्र पाहताना मात्र तसा फरक दिसत नसे. खूण बलवान होत गेली, सुख होते तेथेच राहिले. हे एकदा नीट समजले म्हणजे ‘असले घाणेरडे पाहण्यात तुला काय सुख मिळते?’ हा प्रश्न किती व्यर्थ आहे हे कळते, कारण त्याचे प्रामाणिक उत्तर ‘फारसे काही नाही’ असेच असते, आणि ते देण्याची त्या माणसाला सर्वाधिक शरम वाटते. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. खूण कोणती, ती कोठे व केव्हा भेटते, आणि ती भेटते तेव्हा हा मनुष्य एकटा का असतो?

माझ्या पाहण्यातील एक उदाहरण येथे देतो. ज्याचे आहे त्याने परवानगी दिली आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी हजारो मुले ‘कॉट बेसिस’वर राहतात: एका खोलीत चार लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंक, भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आणि मेसचे महिन्याचे कार्ड. मराठवाड्यातील एका कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा अशाच एका खोलीत काही वर्षे राहत होता. दिवसभर अभ्यासिकेत बसावे, रात्री परतावे, जेवण उरकावे, आणि कधी कधी नऊच्या सुमारास गावाहून वडिलांचा फोन यावा, असा त्याचा क्रम होता. वडील भले गृहस्थ. ‘अभ्यास कसा चाललाय बाळा? पैशांची काळजी करू नको,’ एवढेच ते म्हणत. त्याच खोलीत त्याच्याहून चार वर्षांनी मोठा असा एक जण राही, ज्याला सगळे दादा म्हणत. त्या दादाच्या हळूहळू ध्यानात आले की ज्या रात्री गावाहून फोन येतो त्या रात्री हा मुलगा भिंतीकडे तोंड करून पांघरूण डोक्यावर घेतो, आणि दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत उठत नाही. वडिलांचे ते प्रेमळ वाक्य हीच त्याची खूण होती. ज्या पैशांची काळजी करू नकोस असे त्याला सांगितले जाई, ते सोयाबीनच्या कोणत्या शेतातून आले हे त्याला ठाऊक होते, कट-ऑफच्या यादीत आपले नाव नव्हते हेही ठाऊक होते, आणि त्या दोन गोष्टींच्या मधला जो असह्य भाग तो विसरण्याचे एकच साधन त्याच्या हातात, अक्षरशः हातात, होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यानंतर इंटरनेट इतके स्वस्त झाले की या साधनाला किंमतच उरली नाही.

दादाने त्याचा फोन तपासला नाही. एके दिवशी नळावर डबे घासताना तो एवढेच म्हणाला, ‘हे बघ, मी तुला काही विचारणार नाही. तुला कधी सांगावंसं वाटलं तर सांग. या खोलीबाहेर जाणार नाही.’ पुढे बरेच दिवस काही घडले नाही, आणि दादानेही विषय काढला नाही. एकदा दार उघडे आहे असे सांगून झाल्यावर ते पुनःपुन्हा वाजवून दाखविण्याची गरज नसते. मग एका रात्री मुलाने सारे सांगितले. ऐकल्यावर दादाच्या तोंडून जे पहिले शब्द निघाले त्यांना मी फार महत्त्व देतो. ‘बरं,’ तो म्हणाला, ‘आणि जास्त कधी होतं?’ त्यात धक्का नव्हता, क्षमा नव्हती, आणि उपदेशही नव्हता. क्षमा करण्यासाठी आधी न्यायासनावर चढावे लागते, आणि तेथून खाली बसलेल्या माणसाचा हात हाती येत नाही. ‘कधी होतं’ असे विचारताच ती गोष्ट चारित्र्याच्या प्रांतातून निघून वेळ, जागा आणि प्रसंग यांच्या प्रांतात आली, जेथे दोघांना मिळून काही तजवीज करता येणे शक्य होते.

त्या दोघांनी जे केले ते अगदी साधे होते. मुलाने वडिलांना विनंती केली की फोन रात्रीऐवजी सकाळी करीत जावा. रात्री तो आपला स्मार्टफोन कपाटावर ठेवी आणि गजरासाठी एक जुना बटणांचा फोन उशाशी घेई. जेवणानंतरचा तास हा धोक्याचा, म्हणून दोघे पेरूगेटपर्यंत चालून येत, कधी चहा घेत, आणि बहुधा या विषयावर एक अक्षरही बोलत नसत. मात्र एका प्रसंगी त्या मुलाने फोनचा पासवर्ड दादाने बदलून आपल्याजवळ ठेवावा असा आग्रह धरला, तेव्हा दादाने साफ नकार दिला. ‘तुझी किल्ली माझ्याकडे आली की तुझं भांडण माझ्याशी सुरू होईल,’ असे तो म्हणाला. मला वाटते या एका वाक्यात पहारा आणि सोबत यांतील भेद पूर्णपणे आलेला आहे. पहारेकरी आला की बंदिवानाची सारी बुद्धी, जी स्वतःच्या मनाशी झुंजण्यात खर्च व्हावयाची, ती पहारेकऱ्याला चकविण्यात खर्च होऊ लागते. आणि ज्या दिवशी तो त्यात यशस्वी होतो त्या दिवशी त्याला आपण हरलो असे न वाटता जिंकलो असे वाटते. याचा अर्थ कुलुपे निरुपयोगी असा नव्हे. ज्याने स्वतः योजले, स्वतः लावले, आणि जे काढण्याची मुखत्यारी त्याच्याचकडे राहिली, ते कुलूप उपयोगी पडते. इतरांनी लावलेले पडत नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, कर्मेंद्रिये आवरून धरणारा पण मनाने विषयांचेच चिंतन करीत बसणारा जो मनुष्य वर्णिला आहे, त्याला मिथ्याचारी म्हटले आहे. बाहेरून बसविलेला पहारा बहुधा तेवढेच साधतो.

यावर कोणी म्हणेल की हा फार मवाळपणा झाला, व्यसनी माणसाला कोणीतरी तोंडावर खडसावलेच पाहिजे. खडसावणाऱ्याच्या मनाचा भार त्याने हलका होत असेल. ज्याला खडसावले त्याचे काय होते, हे तपासून पाहिले गेले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली अतिमद्यपी लोकांवरील आपला जो अभ्यास प्रसिद्ध केला त्यात असे दिसून आले की समुपदेशकाने माणसाला जितके अधिक धारेवर धरले, तितके वर्षभरानंतर त्या माणसाचे पिणे अधिक होते. कारण उघड आहे. ज्याच्या मनात आधीच दोन पक्ष भांडत आहेत, त्यांपैकी एका पक्षाचे वकीलपत्र आपण घेतले, की दुसऱ्या पक्षाचे वकीलपत्र घेणे त्याला भाग पडते. आपण ‘सोड’ म्हणतो, आणि जो काल स्वतःशी ‘सोडावे’ म्हणत होता तोच आज आपल्याशी ‘इतके काही बिघडलेले नाही’ असा युक्तिवाद करू लागतो. सोडण्याची कारणे त्याच्या तोंडून निघाली पाहिजेत. आपण ती ऐकावयाची, आणि तो विसरला तर त्याचीच त्याला आठवण द्यावयाची.

यानंतर येते ते पुन्हा घसरणे. ते येतेच, आणि साहाय्य करणाराची खरी परीक्षा त्या वेळी होते. या मुलाच्या बाबतीत ते परीक्षेचा निकाल लागला त्या रात्री आले आणि लागोपाठ तीन रात्री टिकले. अॅलन मार्लाट यांनी, ज्यांचा घसरणीच्या प्रतिबंधावरील ग्रंथ १९८५ साली निघाला, एक मर्मभेदक निरीक्षण नोंदविले आहे: संपूर्ण वर्ज्य करण्याचा संकल्प केलेल्या माणसाकडून एकदा चूक झाली, की त्या चुकीपेक्षा ‘आता सारेच गेले, मी असाच आहे’ हा निष्कर्ष त्याला अधिक दूर ओढून नेतो. पहिल्या रात्रीला निकाल कारण झाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्रीला पहिली रात्रच कारण झाली. म्हणूनच दिवस मोजण्याची जी प्रथा या मार्गावरील अनेक जण पाळतात, तिच्याविषयी माझे मन साशंक आहे. पुष्कळांना ती आधार देते हे खरे, परंतु ज्या हिशेबात एका घसरणीने मागील सारी जमा रद्द होऊन पुन्हा शून्यापासून लिहावे लागते, तो हिशेबच मुळात खोटा आहे; कारण मधल्या काळात तो मनुष्य जे शिकला, त्याने जी झोप घेतली, जी पाने वाचली आणि ज्या रात्री खूण भेटूनही तो उठून चालावयास गेला, त्यांतले काहीच नष्ट झालेले नसते. चौथ्या दिवशी मुलाने सांगितले तेव्हा दादाने तारीख विचारली नाही. निकाल पाहिल्यापासून फोन हाती घेईपर्यंतच्या तासांत काय काय झाले, ते दोघांनी एका वहीच्या पाठच्या पानावर क्रमाने लिहून काढले. आणि त्यात असे निघाले की त्या संध्याकाळी दादा गावी गेलेला होता, आणि निकाल कळल्यावर हा मुलगा कोणाशीही न बोलता सहा तास एकटा होता. पुढच्या निकालाच्या दिवशी कोणाकडे जावयाचे हे तेव्हाच ठरले.

तरीही मुलाचे मन उभारी धरीना, तेव्हा दादा त्याला एका सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन गेला. तेथे असे निष्पन्न झाले की त्याला बऱ्याच काळापासून नैराश्य जडलेले आहे. त्यावर औषध व समुपदेशन सुरू झाल्यानंतर ज्या गोष्टी नुसत्या निर्धाराने महिनोन्‌महिने हलल्या नव्हत्या त्या हलू लागल्या. व्यसनाच्या आड नैराश्य, चिंता वा एखादी जुनी जखम दडलेली असणे ही वारंवार आढळणारी गोष्ट आहे, आणि ती शोधण्याचे काम स्नेह्याचे नाही, तज्ज्ञाचे आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने तंत्रज्ञानाच्या अतिरेकी वापरावरील खास दवाखाना २०१४ सालीच उघडला, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक मराठीतूनही बोलणाऱ्याला उपलब्ध आहे. तेव्हा कोठे जावे हा प्रश्न पूर्वीइतका बिकट उरलेला नाही. बरोबर कोण जाणार, हा मात्र आहे.

या चित्रफितींचा बंदोबस्त सरकारनेच का करू नये, असेही विचारले जाते. सरकारने तो करून पाहिला आहे. २०१५ सालच्या जुलैअखेरीस ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम निघाला आणि तो काही दिवसांतच बव्हंशी मागे घ्यावा लागला. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळांवर पुन्हा बंदी आली, आणि आडमार्गाने तेथे पोहोचण्याच्या युक्त्या शाळकरी मुलांनाही अवगत झाल्या. लहान मुलांच्या दृष्टीस असे काही पडू नये यासाठी शासनाने जे करता येईल ते करावेच. परंतु ज्याला व्यसन जडले आहे त्याच्यापुरता हा उपाय म्हणजे मोठ्या प्रमाणावरील पहाराच होय.

आता लग्नाच्या उपायाविषयी, आणि येथे मला थोडे कठोर बोलणे प्राप्त आहे. ‘लग्न झालं की आपोआप सुटेल’ हे वाक्य आपल्या घराघरांत ज्या सहजतेने उच्चारले जाते, त्या सहजतेमागे एका अनोळखी मुलीला आपल्या मुलाचे औषध म्हणून वापरण्याची तयारी आहे, हे बोलणाराच्या ध्यानीही येत नाही. प्रथमतः हे औषध गुण देत नाही. ज्याची खूण एकलेपणा, अपयश किंवा चिंता ही आहे, त्याची ती खूण वैवाहिक सुखाने पुसली जात नाही; उलट पत्नीसमोर आपण उघडे पडू ही नवी चिंता तिच्यात भर घालते. आणि गुण येत नाही असे दिसले म्हणजे दोष औषधावर येतो. ‘तू त्याला धरून ठेवू शकली नाहीस’ असे सुनेला ऐकविणारी सासू, आणि ‘पुरुषाची जात, थोडं सांभाळून घ्यावं’ असे लेकीला समजाविणारी आई, या दोघी मिळून त्या मुलीवर असा अन्याय करतात की ज्याची दाद कोणत्याही न्यायालयात मागता येत नाही.

पत्नीचे दुःख हे स्वतंत्र दुःख आहे, आणि पतीच्या उपचाराचे एक अंग म्हणून त्याकडे पाहणे मला मान्य नाही. तिची फसवणूक झालेली असते. आपल्या रूपात, आपल्या देहात काही उणे आहे काय हा प्रश्न तिला रात्रंदिवस छळतो. आणि त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे हे तिला कोणीतरी, तिच्या बाजूच्या माणसाने, निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. तिने पतीचा फोन रोज तपासावा, त्याचे कबुलीजबाब ऐकावेत, आणि वर हसतमुख राहावे, ही अपेक्षा अमानुष आहे. म्हणून पतीचा जो रोजचा सोबती, तो शक्यतो पत्नीखेरीज दुसरा कोणी असावा: मित्र, थोरला भाऊ, समुपदेशक, अथवा याच वाटेने गेलेला एखादा अनुभवी मनुष्य. पत्नीला सत्य कळले पाहिजे, तो तिचा हक्कच आहे. परंतु तपशिलाचा पंचनामा ऐकण्याची सक्ती तिच्यावर नको, आणि ऐकण्यास नकार दिल्यास तिला निष्ठुर ठरविणेही नको. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने दारूच्या संदर्भात हे सत्य फार पूर्वी ओळखले. व्यसनी पुरुषावर उपचार चालू असताना त्याच्या पत्नीने आपल्यासारख्याच इतर स्त्रियांत बसून आपले मन मोकळे करावे, यासाठी तेथे ‘सहचरी’ हा वेगळा गट चालविला जातो. असे गट या व्यसनासाठीही गावोगाव उभे राहावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

सोबतीलाही मर्यादा आहे, आणि ती सोबत्याने आरंभीच बोलून दाखवावी. बालकांचे लैंगिक चित्रण पाहणे, उतरवून घेणे वा जवळ बाळगणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील आपल्या निकालात त्याविषयी कसलीही संदिग्धता ठेवलेली नाही. अशा ठिकाणी गुप्ततेचे वचन लागू राहत नाही, कारण त्या प्रत्येक चित्रामागे एक खरे मूल आहे. पडद्यावर पाहिलेले पत्नीवर बळजबरीने लादले जात असेल, तर तेथेही व्यसनाची चर्चा मागे पडते आणि त्या स्त्रीचे संरक्षण प्रथम येते.

एक प्रश्न उरतो, जो अविवाहित तरुणाच्या सोबत्याला कधी ना कधी विचारला जातोच: होणाऱ्या पत्नीला हे सांगावे काय? घरची मंडळी, त्यांना ठाऊक असेल तर, एकमुखाने ‘नको’ म्हणतात, आणि ‘गेलेली गोष्ट आता कशाला उकरायची’ असे वर कारणही देतात. माझे मत याच्या अगदी उलट आहे. सांगावे, साखरपुड्याच्या आधी सांगावे, आणि ते त्याने स्वतः सांगावे. सोबत्याने वा वडीलधाऱ्याने मध्यस्थी करून नव्हे, आणि लग्नानंतर योग्य वेळ पाहून तर मुळीच नव्हे, कारण लग्नानंतर ऐकणारीला नकाराची खरी मुभा उरत नाही आणि मुभा नसताना मिळालेल्या होकाराला काही अर्थ नसतो. सदाशिव पेठेतील तो मुलगा पुढे एका पतसंस्थेत नोकरीस लागला. मुलगी दाखविण्याचा कार्यक्रम झाल्यानंतर दुसऱ्या भेटीत त्याने तिला हे सांगितले. तिने दोन गोष्टी विचारल्या: आता कसे आहे, आणि हे आणखी कोणाला ठाऊक आहे. त्याने दादाचे नाव सांगितले. तेव्हा ती म्हणाली की मला त्या दादांशी एकदा बोलायचे आहे, आणि उत्तर देण्यास मला चार महिन्यांची मुदत हवी आहे. मुलाच्या घरच्यांना या मुदतीचे कारण कळेना, मुहूर्त टळला म्हणून वडील नाराज झाले, मुलीच्या मामांनी स्थळ सोडण्याची भाषा केली. त्या चार महिन्यांत मुलाने कोणालाही खोटे कारण दिले नाही, ‘तिला विचार करायला वेळ हवाय, आणि तो मीच द्यायला सांगितलाय’ एवढेच तो प्रत्येकाला सांगत राहिला.